‘नाइस’ म्हणजे आधी मूर्ख! इंग्रजी शब्दाचा इतिहास घरबसल्या कसा खणायचा

ग्रुपवर कोणी फोटो टाकला की आपण ‘नाइस पिक’ टाईप करतो आणि मोकळे होतो, त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटत नाही. पण हाच शब्द इंग्रजीत साधारण १३०० च्या आसपास आला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख, अडाणी. आता एवढं बऱ्याच जणांनी कुठल्यातरी फॉरवर्डमध्ये वाचलेलं असतं, वाचून ‘अरे वा’ म्हणतात आणि पुढे जातात. माझं म्हणणं असं की खरी गंमत त्या पहिल्या अर्थात नाहीच. मूर्खापासून छानपर्यंत यायला या शब्दाला साडेचारशेच्या वर वर्षं लागली, मधे तो लाजाळू झाला, नखरेल झाला, चोखंदळ झाला, क्षुल्लक झाला, काटेकोर झाला, आणि हे सगळं आपल्याला फुकटात, मोबाईलवरसुद्धा, पुराव्यासकट बघता येतं. ते कसं, ते खाली पायरीपायरीने सांगतो. शब्द ‘नाइस’ घेतलाय पण पद्धत कुठल्याही रोजच्या इंग्रजी विशेषणाला चालते.

पायरी १: आधी आजचे अर्थ कागदावर उतरवा

ही पायरी सगळे गाळतात, कारण वाटतं आपल्याला माहितीच आहे की. बसून लिहा. ‘नाइस’ म्हणजे छान, हे झालं. ‘नाइस माणूस’ म्हणजे स्वभावाने चांगला, हा वेगळा अर्थ, वेगळ्या ओळीवर. ‘नाइस अँड हॉट’ म्हणतात तेव्हा नाइसला स्वतःचा फारसा अर्थ उरत नाही, तो नुसता जोर देतो, आपण नाही का म्हणत ‘चांगला तीन तास बसवून ठेवला’, त्यात चांगलं काय असतं? मग टोमणा: ‘अ नाइस मेस’, म्हणजे छान गोंधळ घालून ठेवलाय.

आणि आता शेवटचा, जो बहुतेक लोक विसरतात. ‘अ नाइस डिस्टिंक्शन’, ‘अ नाइस क्वेश्चन ऑफ लॉ’. वकील मंडळींना हे ओळखीचं असेल, आपल्याकडच्या इंग्रजी निकालपत्रांतही भेटतं. इथे न्यायाधीश प्रश्नाचं कौतुक करत नसतात, ते म्हणत असतात की प्रश्न बारीक आहे, डोक्यावरचा केस चिरून बघायला लागेल असा आहे. ‘नाइसटीज’ म्हणजे बारकावे, तोही याच घरातला. यादीत असा एखादा अर्थ सापडला जो बाकीच्यांशी अजिबात जुळत नाही, तर त्याच्याभोवती गोल करा. जुना अर्थ सहसा असाच कुठल्यातरी एका धंद्याच्या भाषेत अडकून जिवंत राहिलेला असतो, कायद्यात, धर्मात, शेतीत, जहाजावर. खणायला सुरुवात तिथून करायची.

पायरी २: मूळ शोधा, पण तिथे मुक्काम करू नका

एटिमऑनलाइन नावाची साईट आहे, डग्लस हार्पर नावाच्या माणसाने उभी केलेली, फुकट आहे. तिथे शब्द टाकला की वंशावळ येते. नाइसची अशी: लॅटिनमध्ये ‘नेस्किउस’, त्यात ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणं, थोडक्यात न जाणणारा, अजाण. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये ‘नीस’ म्हणजे बावळट, भोळा, आणि फ्रेंचमधून इंग्रजीत. १०६६ ला फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतल्यावर पुढची दोन-तीनशे वर्षं फ्रेंच शब्दांचा जो लोंढा आला त्यातलाच हा एक.

आता एवढं वाचून लगेच मान्य करायचं नाही, पडताळा घ्यायचा. त्याची सोपी रीत म्हणजे भावंडं शोधणं. त्याच ‘स्किरे’पासून ‘सायन्स’ आलाय, ‘कॉन्शन्स’ आलाय, म्हणजे आपला नाइस हा सायन्सचा नकारार्थी चुलतभाऊ निघतो. दुसरं, लॅटिनच्या दुसऱ्या मुलीकडे जाऊन बघा: स्पॅनिशमध्ये ‘नेसिओ’ शब्द आजही मूर्ख याच अर्थाने वापरतात. म्हणजे एकाच बापाची दोन पोरं, एक माद्रिदला राहिलं ते मूर्खच राहिलं आणि एक लंडनला गेलं ते छान झालं. दुसऱ्या भाषेत जुना अर्थ शाबूत सापडला की मूळ बरोबर असण्याची शक्यता खूप वाढते.

इथे तारखांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. कोशात ‘पहिला वापर अमुक साली’ लिहिलेलं असतं ते शब्दाचं जन्मसाल नव्हे. त्या सालचा कागद टिकून राहिला आणि कोणाच्या तरी हाती लागला, एवढाच त्याचा अर्थ. लोक त्याच्या आधीही बोलत असणारच. आणि उद्या जुना कागद सापडला की साल मागे सरकतं, त्यामुळे दोन कोशांत दोन सालं दिसली तर घाबरू नका.

पायरी ३: नावबंधू आणि थापा बाजूला काढा

फ्रान्समधल्या नीस शहराचं स्पेलिंग अगदी हेच आहे, पण ते ग्रीक ‘निकाया’वरून आलंय, विजयाची देवता नायकी, तीच ती बुटांवरची. आपल्या शब्दाशी काडीचा संबंध नाही. तरी शोधताना हे शहर सारखं आडवं येणार, ते कसं टाळायचं ते पुढे सांगतो.

थापांचं म्हणाल तर त्यातला सगळ्यात गाजलेला प्रकार म्हणजे आद्याक्षरांवरून शब्द बनल्याची गोष्ट. ‘पॉश’ हे विशेषण घ्या. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर श्रीमंत लोक जाताना डाव्या बाजूची आणि परत येताना उजव्या बाजूची केबिन घेत म्हणजे ऊन लागत नसे, ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, तिकिटावर तसा शिक्का असे, म्हणून पॉश. ऐकायला झकास आहे आणि त्यात मुंबई आहे म्हणून आपल्याला जास्तच आवडते, पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि ही गोष्ट छापील स्वरूपात दिसते तीच मुळी १९३० च्या दशकात, शब्द चलनात आल्यावर बऱ्याच वर्षांनी. साधा नियम लक्षात ठेवा: विसाव्या शतकाच्या आधीच्या शब्दाला कोणी आद्याक्षरं चिकटवत असेल तर ती बहुतेक नंतर रचलेली असतात.

पायरी ४: जुने कोश उघडा

सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ चा. तो आता ऑनलाइन आहे, पानाचा फोटोही बघता येतो. त्यात नाइसखाली अर्थांची रांग आहे: निवाड्यात अतिकाटेकोर, नको इतका चिकित्सक, चोखंदळ, नाक मुरडणारा, नाजूक, बारकाईने केलेला. आणि ही सगळी रांग वाचत खाली गेलात तरी ‘छान’ सापडत नाही. १७५५ साली लंडनच्या सगळ्यात नावाजलेल्या कोशकाराला तो अर्थ नोंदवण्यासारखा वाटला नव्हता. कोशात काय नाही हे बघणं हे काय आहे ते बघण्याइतकंच कामाचं असतं.

त्याच नोंदीत जॉन्सनने शब्दाचं मूळ मात्र सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजी भाषेतला ‘मऊ’ या अर्थाचा शब्द असं दिलंय, ते आज कोणी मानत नाही. म्हणून अर्थासाठी जुना कोश आणि व्युत्पत्तीसाठी नवा, असं वाटून घ्यायचं. जुना कोशकार आपल्या काळात शब्द कसा वापरतात ते कानाने ऐकत होता, मूळ मात्र अंदाजाने सांगत होता.

अजून मागे जायचं असेल तर मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश फुकट आहे, तिथे चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या काळची वाक्यंच्या वाक्यं मिळतात. फक्त स्पेलिंगची काळजी घ्या, त्या काळी आयच्या जागी वाय घालून लिहायचे, आणि एकच लेखक दोन पानांवर दोन प्रकारे लिहून जायचा. ऑक्सफर्डचा मोठा कोश हा या सगळ्यांचा आजोबा, १८८४ पासून तुकड्यातुकड्याने छापत १९२८ ला पुरा झाला, पण त्याला पैसे पडतात. कॉलेजची किंवा मोठ्या लायब्ररीची मेंबरशिप असेल तर विचारून बघा.

आणि आपल्यासाठी खास एक: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७, आणि शिकागो विद्यापीठाच्या साईटवर शोधता येतो. आपण तो मराठी शब्दांसाठी उघडतो, पण त्यातलं इंग्रजीही त्याच काळचं आहे हे विसरतो. तेव्हा नाजूक, चोखंदळ, बारीक असले शब्द काढा, मराठी बाजूला ठेवा आणि उजवीकडचं इंग्रजी वाचा. त्या काळच्या साहेबाच्या लेखणीतून आलेलं विशेषण आजच्या अर्थाने वाचायचं की जुन्या, हा प्रश्न स्वतःला विचारत वाचलं की कोश एकदम दोन भाषांचा इतिहास होतो.

पायरी ५: वाक्यं वाचा (इथेच सगळा जीव आहे)

कोश अर्थ सांगतो, पण अर्थ घडतो वाक्यात. म्हणून निदान पाच-सहा जुनी वाक्यं मिळवायचीच. पद्धत अशी की वाक्यात शब्दाच्या जागी आजचा अर्थ घालून बघायचा, मग जुने एकेक घालून बघायचे, आणि आधीच्या-नंतरच्या चार ओळींशी कुठला बसतो ते ठरवायचं. उदाहरणंच घेतो.

शेक्सपिअरचं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’, शेवटचा अंक. फादर लॉरेन्सने रोमिओला लिहिलेलं पत्र पोचलंच नाही हे फादरला कळतं आणि तो म्हणतो, ‘द लेटर वॉज नॉट नाइस, बट फुल ऑफ चार्ज’. आजचा अर्थ घालून वाचा: पत्र काही छान नव्हतं, आरोपांनी भरलेलं होतं. बसलं ना? व्यवस्थित बसलं, आणि तरी साफ चुकलं! कारण पत्रात आरोप-बिरोप काही नव्हते, ज्युलिएट खरी मेलेली नाही हा निरोप होता. नाइस म्हणजे इथे क्षुल्लक, आणि चार्ज म्हणजे वजन, महत्त्व. ‘पत्र साधंसुधं नव्हतं, फार महत्त्वाचं होतं.’ याच नाटकात तिसऱ्या अंकात भांडण किती ‘नाइस’ होतं असं येतं, तिथेही अर्थ किती फालतू कारणावरून होतं असाच. एकाच लेखकात दोनदा तोच अर्थ सापडला की मग खात्री धरायला हरकत नाही. आणि यातून सावधगिरी ही घ्यायची की वाक्य गुळगुळीत वाचता आलं म्हणजे अर्थ लागला असं नसतं, कथेत त्या क्षणी काय चाललंय ते माहीत पाहिजे.

दुसरं उदाहरण माझं लाडकं. १८१५, वॉटर्लू, नेपोलियन हरला ती लढाई. लढाईच्या दुसऱ्या दिवशी इंग्रज सेनापती वेलिंग्टन ब्रसेल्सला थॉमस क्रीव्ही नावाच्या ओळखीच्या माणसाला भेटला आणि बोलला ते क्रीव्हीने लिहून ठेवलं: तीस हजार माणसं गेली, ‘अ डॅम्ड नाइस थिंग’, आणि लगेच पुढे, ‘द निअरेस्ट रन थिंग यू एव्हर सॉ इन युअर लाइफ’. तीस हजारांचा हिशेब सांगून माणूस ‘फार छान झालं’ कसा म्हणेल? नाइस म्हणजे इथे अटीतटीचं, धाग्यावर लटकलेलं, इकडचं तिकडे झालं असतं असं. पुढच्याच तुकड्यात तो स्वतःच अर्थ फोड करून सांगतो, असं वाक्य सापडणं म्हणजे लॉटरी. (हा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली जो १८०३ मध्ये असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला, आपल्या जालना जिल्ह्यात. तेव्हा त्याची इंग्रजी पत्रं वाचायची वेळ आली तर नाइस दिसल्यावर दोनदा थांबा.)

आता तिसरं, आणि इथे सगळं उलगडतं. जेन ऑस्टेनची ‘नॉर्थँगर ॲबी’, १८१७ च्या अखेरीस बाहेर आली. त्यात नायिका कॅथरीन एका कादंबरीला जगातलं सगळ्यात नाइस पुस्तक म्हणते आणि हेन्री टिल्नी नावाचा तरुण तिची फिरकी घेतो, म्हणजे बांधणी नीटनेटकी आहे असं म्हणायचंय का? मग तो सुरूच होतो, दिवस नाइस, फिरणं नाइस, मुली नाइस, काय शब्द आहे, कशालाही चालतो! पुढे म्हणतो की मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा यालाच वापरत असतील. आता आपण पायरी दोनमधून आलोय त्यामुळे आपल्याला दिसतं की साहेब ज्याला ‘मुळात’ म्हणतात ते मूळ नाहीच, तो मधला मुक्काम आहे. मूळ अर्थाचा आग्रह धरायचा तर त्याला कॅथरीनला ‘पुस्तक मूर्ख आहे का’ असं विचारायला हवं होतं. जुना अर्थच खरा म्हणणाऱ्या प्रत्येकाची हीच अडचण होते, तो आपल्या आजोबांच्या काळापर्यंत जातो आणि तिथे पाटी लावतो.

आणि सालं बघा. वेलिंग्टनचं बोलणं १८१५, हे पुस्तक १८१७. एकाच पिढीत सेनापती अटीतटीचं म्हणतोय आणि तरुण मुलगी छान म्हणतेय. छान हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला होता, १७६९ हे साल बऱ्याच ठिकाणी दिलेलं दिसतं, पण आल्या आल्या त्याने जुन्याला घराबाहेर काढलं नाही. काही दशकं दोघं एकाच घरात राहिले.

पायरी ६: एन्ग्रॅम आणि गूगल बुक्स, जरा जपून

गूगलचं एन्ग्रॅम म्हणजे छापील पुस्तकांत एखादा शब्द वर्षावर्षाला किती आला त्याचा आलेख. नुसता नाइस टाकलात तर काहीच कळणार नाही, कारण आलेखाला अर्थ कळत नाही. शेजार टाका. नाइस डिस्टिंक्शन आणि नाइस डे, अशा दोन जोड्या स्वल्पविराम देऊन एकत्र टाका आणि रेषा बघा. किंवा नाइसपुढे जागा सोडून फुली (*) टाका, त्याच्यानंतर सगळ्यात जास्त येणारे दहा शब्द मिळतात, मग कालावधी बदलून तेच पुन्हा करा. संगत बदलली म्हणजे अर्थ बदललाय. ते फ्रान्सचं शहर टाळायला पहिलं अक्षर लहान ठेवा आणि लहान-मोठं अक्षर एकत्र मोजायचं बटण बंद ठेवा.

१८०० च्या आधीचा आलेख माकडासारखा उड्या मारतो, पुस्तकं कमी आहेत म्हणून, त्याच्यावर फार इमारती बांधू नका. आणि त्या काळच्या छपाईत एसचं एक लांब रूप असायचं ते एफसारखं दिसतं, मशीनला तो एफच वाटतो. नाइसमध्ये एस नाही म्हणून आपण वाचलो, पण ‘सिली’ शोधायला गेलात तर जुन्या पुस्तकांत तो ‘फिली’ म्हणून नोंदला गेलेला सापडेल, आणि फिली म्हणजे घोडीचं पिल्लू, हाही खरा शब्द आहे! मग शिंगरांची पुस्तकं चाळत बसाल.

गूगल बुक्समध्ये तारखेची गाळणी लावता येते, पण तिथली तारीख बरेचदा चुकीची असते, मासिकाचा पहिला अंक ज्या साली निघाला तेच साल पुढच्या सगळ्या अंकांना चिकटवलेलं असतं. त्यामुळे वाक्य सापडलं की स्कॅन उघडून मुखपृष्ठावरचं साल स्वतः वाचायचं. रोमन आकड्यात असेल: एम म्हणजे हजार, डी पाचशे, सी शंभर, एल पन्नास, व्ही पाच. जॉन्सनच्या कोशावर एम डी सी सी एल व्ही असं आहे, बेरीज करा, १७५५.

पायरी ७: मधले पूल जोडा

आता सालवार यादी करा, पण नुसती यादी म्हणजे इतिहास नाही, एका अर्थावरून दुसऱ्यावर माणसं कशी गेली ते सांगता आलं पाहिजे. माझी जोडणी अशी. मूर्ख माणूस कसा ओळखायचा? भलते नखरे करतो, कपड्यालत्त्याचे चोचले. म्हणून नखरेल. दुसरीकडे काही कळत नाही म्हणून बुजतो, म्हणून लाजाळू. चोचले करणारा खाण्यापिण्यात नाक मुरडतो, म्हणून चोखंदळ. इथपर्यंत शिवी आहे. पण चोखंदळ हा शब्द आपल्याकडेसुद्धा अर्धी तक्रार आणि अर्धं कौतुक असतो, तिथेच कलाटणी मिळते: चोखंदळ माणसाची नजर बारीक असते, म्हणून काटेकोर, ज्या गोष्टीला तशी नजर लागते ती गोष्टही नाइस, म्हणून सूक्ष्म, अवघड, अटीतटीची. आणि चोखंदळ माणसाला जे पसंत पडतं ते अर्थातच चांगलं असणार, म्हणून नाजूक पदार्थ, रुचकर पदार्थ, आणि मग सरळ छान. स्वभावाने चांगला हा अर्थ सगळ्यात शेवटचा, एकोणिसाव्या शतकातला.

प्रत्येक पुलासाठी एक तरी असं वाक्य शोधा ज्यात दोन्ही अर्थ बसतात. तशी वाक्यं नाइसच्या बाबतीत ढिगाने आहेत, ऑक्सफर्डच्या कोशकारांनीच लिहून ठेवलंय की सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कित्येक उदाहरणांत लेखकाला नेमकं काय म्हणायचं होतं हे सांगणं कठीण आहे. त्यांना जमलं नाही तिथे आपणही ‘दोन्ही शक्य’ असं लिहून पुढे जायचं, ओढून ताणून एका खान्यात बसवायचं नाही.

जाता जाता, हा शब्द थांबलेला नाही. लिनक्स या कॉम्प्युटर प्रणालीवर काम करणाऱ्यांना माहितीये, नाइस नावाची कमांड असते, उणे वीस ते एकोणीस असा आकडा, आणि आकडा जितका मोठा तितका तो प्रोग्रॅम बाकीच्यांना ‘आधी तुम्ही’ म्हणतो. म्हणजे मशीनमध्ये नाइस हा सभ्यपणाचा मोजता येणारा आकडा झालाय.

पद्धत हातात बसली की पुढचे शब्द घ्या. ‘फाँड’ घ्या, तोही आधी मूर्खच होता आणि मग मायेचा झाला. ‘किंग लिअर’मध्ये म्हातारा राजा स्वतःला ‘फूलिश फाँड ओल्ड मॅन’ म्हणतो तिथे कुठला अर्थ बसतो ते पायरी पाचप्रमाणे तपासा. ‘सॅड’ आधी तृप्त होता, पोट भरलेला. ‘सिली’ बरोब्बर उलटा गेला, सुखी, पुण्यवान, मग निष्पाप, मग बिचारा, मग मूर्ख. आणि मराठीत हात चालवायचा असेल तर ‘शिष्ट’ घ्या: एका बाजूला शिष्टाचार, शिष्टमंडळ, आणि दुसऱ्या बाजूला ‘ती ना, फार शिष्ट आहे गं’. मोल्सवर्थ काढा आणि १८५७ पर्यंत त्यात तो दुसरा अर्थ शिरला होता का ते बघा.